कंपनीच्या गाडीचं छापील लॉगबुक: हिशोबाला चांगलं, निगेला अपुरं

स्टेशनरीच्या दुकानात ‘व्हेइकल लॉगबुक’ म्हणून जे आडवं रजिस्टर मिळतं, त्यात रकाने ठरलेले असतात: तारीख, निघतानाचं रीडिंग, परतल्यावरचं रीडिंग, कुठून कुठे, काम, डिझेल, सही, शेरा. गाडी किती फिरली हे त्यातून चोख कळतं. गाडी कशी आहे, हे मात्र कुठेच लिहिलं जात नाही. पिकअप किंवा स्टाफची गाडी दोन ड्रायव्हर पाळीने चालवत असतील, तर ही उणीव फार महागात पडते.

डिझेलचा रकाना उपयोगी आहे, पण दर वेळी टाकी फुल्ल करून भरला तरच. आधीच्या फुल्ल टाकीला रीडिंग ४४,८६२ होतं, आता ४५,३१० आहे आणि ३२ लिटर बसलं, तर ४४८ भागिले ३२, म्हणजे ॲव्हरेज १४. पाचशे-हजाराचं डिझेल टाकून लिहिलेल्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. हाच आकडा तशाच रस्त्यावर आणि तेवढ्याच लोडवर १२ वर आला, तर आधी टायरमधली हवा पाहावी, मग एअर फिल्टर, मग एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय का ते. त्या बाजूची डिस्क किंवा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो.

आता जे छापलेलं नाही त्याबद्दल. शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात पट्टीने रेघा मारून पाच बारीक घरं करावीत: ऑइल, कूलंट, हवा, ब्रेक ऑइल, लाइट. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ही तपासणी दहा मिनिटांत होते. ऑइलची काडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना बाहेर काढून पुसावी, परत पूर्ण घालावी आणि दुसऱ्यांदा काढल्यावरच पाहावी. पहिल्यांदा काढलेल्या काडीला वरपर्यंत ऑइल लागलेलं असतं, तिचा भरवसा नाही. कूलंट बाटलीवरच्या खुणेवरूनच पाहावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. बोअरचं पाणी ओतत राहिलं की आत क्षार बसतो, गंज धरतो आणि ऐन घाटात गाडी तापते. हवा थंड टायरमध्येच मोजायची, आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्यायचा. टायर दोन्ही कडांना झिजत असेल तर हवा कमी, मधोमध झिजत असेल तर जास्त, एकाच कडेला झिजत असेल तर अलाइनमेंट. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यातही बसत नाही. गोटा होईपर्यंत थांबू नये.

ब्रेक ऑइलच्या घरात नुसती टिक नको, पातळी लिहावी. ते आपोआप संपत नाही. खाली गेलं याचा अर्थ पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. वरून ओतून गप्प बसणं सगळ्यात घातक. बीएस-६ डिझेल गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) वेगळी टाकी असेल तर तेही एक घर वाढवावं. त्यात पाणी घालू नये आणि डीईएफ डिझेलच्या टाकीत तर कधीच नाही.

रजिस्टरमधली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे: ड्रायव्हरने लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यायची जागाच नाही. ‘ब्रेक पेडल खाली जातंय’ असं मंगळवारी लिहिलं आणि गुरुवारी गाडी पुन्हा लोड घेऊन निघाली, तर जबाबदारी कोणाची? तपासणी करून लेखी कळवणं हे ड्रायव्हरचं काम. दुरुस्त करून देणं, किंवा गाडी उभी ठेवणं, हे कंपनीचं. म्हणून उजव्या पानाच्या तळाशी तीन ओळी राखून ठेवाव्यात: तक्रार, काय केलं, सुपरवायझरची सही आणि तारीख. हे पान नुसतं ड्रायव्हरला पकडण्यासाठी नाही, त्याच्या बचावासाठीही आहे, आणि ते त्याला तसं सांगायला हवं.

पाळी बदलताना स्टेपनी, जॅक, पाना, त्रिकोण आणि नवे ओरखडे दोघांनी मिळून पाहून सह्या कराव्यात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला विमा, पीयूसी, फिटनेस आणि परमिटच्या शेवटच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात.

घेताना शिवलेल्या बांधणीचं आणि पानांवर छापील क्रमांक असलेलंच घ्यावं. नुसत्या गोंदाची बांधणी डॅशबोर्डवरच्या उन्हात सुटते, आणि क्रमांक नसला की फाडलेलं पान कळत नाही. फुलस्केप आकार ग्लोव्हबॉक्समध्ये मावत नाही, अर्ध्या आकाराचं पुरतं. सोबत जेल पेन ठेवू नये. घामाच्या हाताने शाई पसरते, साधं बॉलपेनच दोरीने बांधावं.