पूर्ण अर्थसाहाय्याच्या पीएचडीसाठी मागितलेली ‘अनामत’

अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांमध्ये पूर्ण अर्थसाहाय्यासह पीएचडीची जागा मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका सल्लागार संस्थेने माझ्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ आणि नंतर ‘परतावायोग्य अनामत’ म्हणून पैसे घेतले. अनामत जमा होताच त्यांचे फोन बंद झाले. हा प्रकार तपशिलाने मांडायचा, कारण त्यातले सगळेच खोटे नव्हते.

त्यांनी पाठवलेली जाहिरात अस्सल होती. युरोपीय संघाच्या, संशोधकांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेतली ती जागा युराक्सेस या संशोधन-नोकऱ्यांच्या पोर्टलवर कोणालाही विनामूल्य पाहता येत होती. यांनी अर्जाचा दुवा काढून आपले बोधचिन्ह तेवढे चिकटवले होते. प्राध्यापकांचे नाव आणि प्रकल्पाचा विषयही खरा. त्यांच्या नावाने येणारे ईमेल मात्र विद्यापीठाच्या पत्त्याशी एका अक्षराने न जुळणाऱ्या डोमेनवरून येत होते. शिवाय या योजनेत, भरतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला नसावा, अशी अट असते. तिच्याबद्दल मला कोणी चकार शब्द विचारला नाही.

ऑनलाइन मुलाखतही झाली, आणि माझ्या मते खरी खूण तिथेच होती. पदव्युत्तर प्रबंधात कोणती पद्धत वापरली, निष्कर्ष कुठे कमकुवत आहेत, प्रकल्पातला कोणता भाग हाताळता येईल, यांपैकी काहीही न विचारता माझे ‘अभिनंदन’ करण्यात आले. आपल्या अनुदानातून काही वर्षे ज्याचा पगार द्यायचा, त्याला कोणताही मार्गदर्शक असा निवडत नाही.

पैसे मागताना दिलेले स्पष्टीकरण मोठे चतुर होते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे अर्जशुल्क घेतात आणि जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे खाते) लागू शकते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. म्हणून ‘पैसे मागितले की फसवणूक’ हा सरसकट नियम इथे पुरत नाही. पण अर्जशुल्क विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रणालीत भरले जाते, आणि ब्लॉक्ड अकाउंट विद्यार्थ्याच्याच नावावर असून त्यातली रक्कम पुढे त्यालाच दरमहा मिळते. क्युरी योजनेत तर संस्था उमेदवाराशी नोकरीचा करार करून त्याला पगार देते, त्यामुळे जागा राखून ठेवण्यासाठी उमेदवाराने मध्यस्थाच्या खात्यात अनामत भरण्याचा प्रश्नच येत नाही.

पुढे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्राध्यापकांचा पत्ता घेऊन मी थेट लिहिले. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते: माझा अर्ज त्यांच्यापर्यंत आलेलाच नव्हता आणि जागा भरली गेली होती. त्यांच्या सूचनेनुसार मी बनावट ईमेल मूळ स्वरूपात विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाकडे पाठवले, आणि बँकेकडे व सायबर पोलिसांकडे केलेल्या तक्रारींनाही तेच जोडले. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.