दाभोळ ते रत्नागिरी: सामान लादलेल्या टूरिंग सायकलचा पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

पाऊस ओसरल्यापासून मेच्या उकाड्यापर्यंत ही सायकल कोकण किनाऱ्यावरच चालली. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून दुसऱ्या फेरीने जयगड, पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी, असा तो ठरलेला दिवस. अंतर सुमारे नव्वद ते शंभर किलोमीटर. पण या आकड्यावरून देशावरच्या रस्त्याचा हिशेब लावू नका. खाडीपाशी उतरायचं, गाव संपलं की चढून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट खडकाळ पठारावर यायचं, सड्यावर थोडं पळायचं आणि पुढच्या खाडीत पुन्हा उतरायचं, हेच दिवसभर चालतं. एकही चढ महाबळेश्वरच्या घाटाइतका लांब नाही, पण वळणावळणांवर दहा टक्क्यांचा उभार सहज लागतो. म्हणून या किनाऱ्यासाठी सायकल घेताना तिचं वजन नंतर विचारा, सगळ्यात हलका गिअर कोणता ते आधी विचारा.

जुळणी अशी: क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम, ७०० × ३८ (३८ मिमी रुंद) टायर, शिमानो अलिव्हिओचा ४८-३६-२६ दातांच्या तीन चकत्यांचा क्रँक (पेडल जोडलेला पुढचा भाग), मागे ११-३४ ची नऊ गिअरची कॅसेट (११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच), १६० मिमी रोटरचे (चाकावरच्या ब्रेकच्या चकतीचे) केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, मागचं कॅरिअर आणि त्याला बाजूंनी टांगायच्या २० लिटरच्या दोन पॅनिअर (पिशव्या). रिकामी सायकल १४ किलो, सामान १२, पाणी ३. चालवणारा ७० किलोचा धरला तर एकूण १०० किलोच्या आसपास.

आता हिशेब बघा. पुढे २६ आणि मागे ३४ दात असताना पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.६७ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ६ किलोमीटर. दहा टक्के चढावर १०० किलो वजन या वेगाने वर न्यायला सुमारे १७५ वॅट लागतात. हेच रोड सायकलच्या ३४-२८ गिअरवर (पुढे ३४, मागे २८ दात) त्याच ६० फेऱ्यांनी करायचं तर वेग ताशी ९.३ होतो आणि ताकद २७० वॅटच्या वर जाते. तेवढी नसली की फेऱ्या चाळिसावर येतात, माणूस सीटवरून उठतो, पॅनिअर डावी-उजवीकडे झुलायला लागतात आणि दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात. हलक्या गिअरने चढणाऱ्याला हेदवीच्या पुढेही पायात जीव उरतो. ताशी ६ म्हणजे फार हळू, असं वाटणाऱ्यांनी शंभर किलो घेऊन एकदा तवसाळपर्यंत जाऊन बघावं.

४८-२६ आणि ११-३४ ही जोडी चालवायला मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) क्षमता ४५ दातांची लागते, म्हणजे लाँग केजच (चेन ताणून धरणारा लांब दांडाच) हवा. छोटा केज लावला तर पुढची-मागची दोन्ही लहान चकत्या असताना चेन लोंबते किंवा दोन्ही मोठ्या असताना ताणून डिरेलर ओढते. ३४ च्या चकतीवर वरची जॉकी व्हील (डिरेलरमधलं छोटं दातेरी चाक) घासत खरखर येत असेल, तर ते चाक चकतीपासून दूर नेणारा बी-टेन्शनचा स्क्रू थोडा आत घ्यायचा. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

कॅरिअरवर जरा सविस्तर लिहितो, कारण या रस्त्यावर सगळ्यात आधी तेच कुरकुरतं. एम-५ चे (५ मिमी जाडीचे) चार बोल्ट संपूर्ण भार धरतात, आणि सड्यावरच्या जांभ्याच्या खडबडीत पट्ट्यांवर ते हळूहळू सैल होतात. निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून ५ न्यूटन-मीटरच्या आसपास कसले की टिकतात, तरी रोज सकाळी ॲलन की फिरवून बघावी. उजवीकडच्या खालच्या बोल्टची लांबी मुद्दाम तपासा. दोन-तीन मिलिमीटर जास्त झाला तर त्याचं टोक ड्रॉपआउटच्या (फ्रेममध्ये मागचं चाक बसतं त्या खाचेच्या) आतून बाहेर येतं आणि सगळ्यात लहान चकतीवरच्या चेनला घासतं. स्टँडवर सायकल ठेवून ११ दातांवर पेडल फिरवलं की टकटक ऐकू येते. तिथे मोठा बोल्ट कापून घ्या किंवा बाहेरच्या बाजूला वॉशर घाला. ॲल्युमिनियमचं कॅरिअर हलकं असतं, पण वेल्डपाशी तडा गेला तर वाटेत इलाज नाही. स्टीलचं कोणत्याही मोठ्या गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो. माझं मत स्टीलच्या बाजूने. पॅनिअरचा हुक जिथे नळीवर बसतो तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर रंग जाऊन गंज नेमका तिथूनच धरतो.

सगळं वजन मागे टाकलं तर बारा टक्क्यांच्या वळणावर पुढचं चाक हलकं पडून हँडल भटकतं. हत्यारं आणि दीड लिटर पाणी पुढच्या हँडलबार बॅगेत व फ्रेमवर आणलं की फरक लगेच कळतो.

टायरमध्ये श्वाल्बे मॅरेथॉनने निराश केलं नाही. जड आहे, सुरुवातीला आळशी वाटतं, पण करवंदीचे काटे आणि फाटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा बऱ्यापैकी अडवतं. हवा मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय. मागे ४० च्या खाली गेलं की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी दाबून दोन समांतर भोकं पडतात. पंक्चर काढताना ट्यूबवरचं भोक टायरशी जुळवून तार नक्की शोधा. बोट फिरवून सापडली नाही तर कापसाचा बोळा फिरवा, तारेत अडकतो. तार तशीच ठेवून नवी ट्यूब घातली तर पुढच्या चढावर परत उतरावं लागतं.

किनाऱ्यावर सायकलचं खरं नुकसान मीठ करतं. खारा वारा दिसत नाही, पण आठवडाभर धुतली नाही तर चेनच्या बाहेरच्या पट्ट्या तांबूस होतात. मुक्कामी पोचल्यावर अर्धी बादली गोडं पाणी आणि ओतायला एक तांब्या पुरे. वरून सोडायचं. हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर पाइपचा जोर नको, पाणी ग्रीस बाहेर काढतं. फडक्याने पुसून, पूर्ण वाळू देऊन, चेनच्या प्रत्येक रोलरवर आतून एक थेंब तेल टाकायचं. साधारण ११४ कड्या असतात, पाच मिनिटांचं काम. दहा मिनिटांनी बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, नाहीतर सड्यावरची लाल धूळ चिकटून चेन आणि चकत्या दोन्ही खाते. तेल लावताना रोटरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. एक थेंब जरी पॅडला लागला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. चेन फुटपट्टीने मोजता येते: एका पिनच्या मध्यापासून बारा इंचांवर पिनचाच मध्य यायला हवा, सोळावा भाग इंच पुढे सरकला असेल तर चेन बदला. उशीर केला तर कॅसेटही बदलावी लागते.

स्टीलच्या फ्रेममधला ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट महिन्यातून एकदा काढून ग्रीस लावा. दोन धातूंत खारं पाणी शिरलं की तो असा जाम होतो की कापून काढायची वेळ येते. गुहागरच्या वाळूवर सायकल चालवण्याचा मोह टाळा. पाण्यालगतची घट्ट वाळू छान दिसते, पण चाकावरून उडालेला खारा चिखल थेट डिरेलरच्या जॉकी व्हीलमध्ये जातो.

ब्रेकबद्दल थोडकंच. खाडीकडच्या उतारांवर सतत दाबून धरू नका, वळणाआधी जोरात लावा आणि सोडा. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. जेट्टीच्या उतरंडीवर ओहोटीत शेवाळ उघडं पडतं, तिथे सायकल हातात धरून चाला.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. हिवाळ्यानंतर अकराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो बाजूने-मागून मिळतो, उलट दिशेला आरे-वारेच्या उघड्या चढावर तोंडावर. गुहागर ते तवसाळ हा सगळ्यात चढाचा टप्पा सकाळी संपवावा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. एक फेरी चुकली की तासभर जेट्टीवर जातो, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

पाणी तीन लिटर सोबत हवंच, दुपारी गावातली बरीच दुकानं बंद असतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे घामाच्या दिवशी त्यासोबत चिमूटभर मीठ किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत घ्यावं. पायात गोळे येणाऱ्यांनी ओआरएसची पाकिटं ठेवावीत, एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच.

ज्यांच्याकडे हायब्रिड सायकल आधीच आहे त्यांनी नवी घेऊ नये. पुढची सगळ्यात लहान चकती २८ ची किंवा त्याहून लहान असेल, तर मागची कॅसेट ११-३४ ची घालून आणि नवी चेन टाकून हा रस्ता होतो. फक्त दुकानात जाण्याआधी डिरेलरचं मॉडेल बघून तो ३४ दात घेतो का, एवढं तपासा.