तांब्याचा कॅलरीमापी संच: भांडं चोख, थर्मामीटर कुचकामी

लाकडी पेटी, आत तांब्याचं भांडं, ढवळणी, दोन भोकांचं झाकण, काचेचा थर्मामीटर आणि पितळ, लोखंड, ॲल्युमिनियमचे १००-१०० ग्रॅमचे गोळे. सोलापुरातल्या शाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळणारा हा साधा संच दहावीच्या मिश्रण पद्धतीसाठी, म्हणजे तापवलेला गोळा पाण्यात टाकून त्या धातूची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) काढण्यासाठी, घ्यावा का? घ्यावा, पण त्यातला थर्मामीटर बाजूला ठेवून.

आधी भांडं. पत्रा पातळ, बाहेरून चकचकीत, ढवळणीसकट वजन ६० ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.०९३ कॅलरी, पाण्याची १, म्हणजे हे भांडं जेमतेम साडेपाच ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता खातं. तेवढीही हिशेबात धरली नाही, तर पितळेचं उत्तर पाच टक्क्यांनी कमी येतं. पेटीतला कापूस मात्र खाली बसलेला असतो आणि वर बोटभर फट राहते. कापसाला सोलापुरात तोटा नाही. सुका कापूस हलक्या हाताने भरायचा, ठासायचा नाही. उष्णता अडवते ती त्यातली हवा.

आता थर्मामीटर. त्यावर एकेक अंशाच्या रेघा आहेत. ३० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात ९८ अंशांचा पितळेचा गोळा टाकला, तर पाणी चढतं फक्त साडेपाच अंश. वाचनात अर्ध्या अंशाची चूक झाली की उत्तर नऊ-दहा टक्क्यांनी सरकलंच! ॲल्युमिनियमचा गोळा पाणी साडेअकरा अंशांनी चढवतो, म्हणून वर्गात प्रयोग दाखवायला तोच बरा. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्याच.

गोळा सरळ उकळत्या पाण्यात सोडा, असं संचासोबतच्या पत्रकात लिहिलंय. हे चुकीचं आहे. गोळ्याला चिकटून गेलेलं एक ग्रॅम गरम पाणी पितळेच्या प्रयोगात अकरा टक्के घोटाळा करतं. पुसत बसलं तर तेवढ्यात गोळा निवतो. त्यापेक्षा गोळा रुंद, कोरड्या परीक्षानळीत ठेवावा, नळी पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात धरावी, तोंडाशी कापसाचा बोळा लावावा आणि गोळ्याचं तापमान नळीतच मोजावं. तिथे डोळे झाकून १०० लिहू नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. गोळ्याला बांधलेला जाड सुती दोरा पाणी पितो, तो काढून बारीक नायलॉनचा बांधावा.

मे महिन्यात खोलीच ३८-४० अंशांवर असते. तेव्हा माठातलं गार पाणी थोडं मिसळून ॲल्युमिनियमसाठी खोलीपेक्षा सहा अंश, पितळेसाठी तीन अंश खाली सुरुवात करावी. आधी बाहेरून आत आलेली उष्णता आणि नंतर बाहेर गेलेली, बरीचशी फिटंफाट होते. पंखा बंद. कोरड्या हवेत उघड्या पाण्याचं बाष्पीभवन झपाट्याने होतं, आणि झाकणाची भोकंही या संचात गरजेपेक्षा मोठी आहेत. रबरी बूच कापून बसवावं लागतं.

गोळ्यांवर कोरलेल्या वजनावर विसंबू नका. दुकानातच काट्यावर टाकून बघा, आकडा वेगळा निघाला तर खडूने पेटीच्या आत लिहून ठेवा.