आरबीआय रिटेल डायरेक्ट ॲप: माल चोख, मांडणी घाऊक बाजाराची

तीन महिन्यांनी मुलीची फी भरायची आहे, वीस हजार रुपये हाताशी आहेत आणि तोवर ते बचत खात्यात नुसते पडू द्यायचे नाहीत. अशा माणसाला भारतात ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाइतकी निर्धोक जागा दुसरी नाही. व्यवहारात त्याला टी-बिल म्हणतात. कर्ज घेणारं थेट केंद्र सरकार. बँकेतल्या ठेवीला विम्याचं कवच पाच लाखांपर्यंतच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नसतं. टी-बिलाला अशी मर्यादाच नाही. पूर्वी हे बिल बँका, विमा कंपन्या आणि मोठे फंड घ्यायचे. सामान्य माणसासाठी रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ ला रिटेल डायरेक्ट योजना सुरू केली आणि २८ मे २०२४ ला तिचं मोबाइल ॲप आणलं. किमान रक्कम १०,००० रुपये, पुढे दहा हजारांच्या पटीत. खातं उघडायला, चालवायला आणि बोली लावायला शुल्क नाही.

मालाबद्दल तक्रार नाहीच. प्रश्न दुकानाच्या मांडणीचा आहे. रोखे बाजारातल्या माणसाला लागणारी माहिती इथे जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. पहिल्यांदा दहा हजार गुंतवणाऱ्याला मात्र तीनच गोष्टी हव्या असतात: आज किती जाणार, किती परत येणार, आणि कधी.

खातं उघडण्यापासून सुरुवात करू. पॅन, पत्त्याचा अधिकृत पुरावा, रुपयातलं बचत खातं, ईमेल आणि मोबाइल क्रमांक लागतो. एकट्याच्या किंवा दोघांच्या नावे खातं निघतं. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसालाही, फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बसत असेल तर, ते उघडता येतं. गाडी अडते ती बहुतेक नावापाशी. पॅनवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, किंवा पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरं. बँक खात्याची पडताळणी नाव जुळवून होते, तेव्हा आधी बँकेत जाऊन नाव पॅनप्रमाणे करून घ्या आणि मगच अर्ज भरा. संयुक्त खात्यात दोघांचीही कागदपत्रं जुळावी लागतात, एकाचं अडलं की दोघांचं अडतं. व्हिडिओ केवायसीची पाळी आली तर मूळ पॅन कार्ड हाताशी असू द्या आणि चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा. वारस नेमण्याचा रकाना नंतरसाठी ठेवू नका.

आता टी-बिल. त्यावर व्याज मिळत नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात मिळतं आणि मुदत संपली की पूर्ण दर्शनी रक्कम हाती येते. समजा, लिलावात ९१ दिवसांच्या बिलाची किंमत दर्शनी शंभर रुपयांमागे ९८.६४ रुपये निघाली. दहा हजारांच्या बिलाला तुमचे ९,८६४ रुपये गेले, मुदतीला १०,००० आले, कमाई १३६ रुपये. वार्षिक परतावा काढायचा तर १३६ ला ९,८६४ ने भागा, ३६५ ने गुणा आणि ९१ ने भागा. उत्तर येतं ५.५३ टक्के. इथेच नवखा गोंधळतो. ‘साडेपाच टक्के’ वाचून तो दहा हजारांवर साडेपाचशे मिळतील असं धरतो आणि हातात १३६ पडले की फसल्यासारखा चेहरा करतो. वार्षिक दराशेजारी ‘९१ दिवसांत १३६ रुपये’ एवढं ठळक छापलं तर हा घोळ जागच्या जागी मिटेल.

विक्री दुकानासारखी दिवसभर चालत नाही, लिलाव असतो. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचा लिलाव साधारण बुधवारी होतो, पैशाचा हिशेब गुरुवारी मिटतो. या तिन्ही मुदतींना सातने पूर्ण भाग जातो, म्हणून गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच परिपक्व होतं. सुट्टी आली तर दिवस सरकतो. राज्य सरकारांच्या रोख्यांचा लिलाव मंगळवारी आणि केंद्राच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी, असा एरवीचा शिरस्ता आहे. तुमच्यासाठी बोलीची खिडकी लिलावाच्या आधीच बंद होते. ती वेळ ॲपमध्येच बघा. बुधवारी दुपारी निवांतपणे ॲप उघडणाऱ्याला त्या आठवड्याचं बिल मिळत नाही.

किरकोळ गुंतवणूकदाराची बोली बिनस्पर्धी असते. दर तुम्ही सांगायचा नाही, फक्त रक्कम सांगायची. लिलावात मोठ्या खरेदीदारांच्या बोलींतून जी भारित सरासरी किंमत (मोठ्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) निघेल, तीच तुम्हाला. घासाघीस नाही, चुकीचा भाव लावून फसण्याची भीती नाही. नवख्यासाठी याहून चांगली रचना सुचवणं अवघड आहे आणि ॲप मात्र ही गोष्ट अभिमानाने सांगत नाही! बोली लावताना अंतिम किंमत ठरलेली नसल्यामुळे अंदाजी किमतीवर थोडी वाढीव रक्कम धरली जाते आणि उरलेले पैसे नंतर परत येतात. ‘जास्तीचे कापले’ म्हणून घाबरण्याचं कारण यात नाही. फक्त खात्यात अगदी नेमकेच पैसे ठेवू नका.

पैसे भरायला नेट बँकिंग आहे आणि यूपीआय आहे. पेमेंट गेटवेचं शुल्क लागलं तर ते गुंतवणूकदाराने सोसायचं असतं. वरच्या उदाहरणात कमाई १३६ रुपयांची होती. त्यातून दहा रुपये शुल्कात गेले तरी कमाईचे सात टक्के उडाले, म्हणून छोट्या रकमेला शुल्काचा आकडा आधी पाहूनच पर्याय निवडा. यूपीआयमध्ये रक्कम खात्यातच रोखून ठेवण्याची सोय आहे, बिल मिळालं की मगच ती वळती होते. पण त्यासाठी यूपीआय ॲपमध्ये आलेली विनंती वेळेत मंजूर करावी लागते. बोली लावली, फोन खिशात टाकला आणि मंजुरी राहून गेली, तर बोलीला पैशाचा आधारच उरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेली टी-बिलाची स्वयंचलित बोली ही अलीकडची सगळ्यात कामाची सुधारणा. एक बिल परिपक्व झालं की पुढच्यासाठी बोली आपोआप लागते. ही सोय घेतली नाही तर मुदतीला पैसे बचत खात्यात येऊन नुसते बसतात, आणि दर तीन महिन्यांनी आठवणीने बुधवार गाठणारी माणसं फार नसतात.

दीर्घ मुदतीच्या रोख्यांकडे वळलं की भाषा आणखी जड होते. ‘६.३३% जीएस २०३५’ हे नाव वाचून काय समजावं? अर्थ तसा सोपा आहे: केंद्र सरकारचा रोखा, वर्षाला ६.३३ टक्के व्याज, मुद्दल २०३५ मध्ये परत. दहा हजारांवर दर सहा महिन्यांनी, ५ मे आणि ५ नोव्हेंबरला, ३१६.५० रुपये बँकेत येणार. हे नाव असं उलगडून लिहायला एक ओळ पुरते.

याहून मोठा खड्डा दुय्यम बाजारात आहे, म्हणजे दुसऱ्याकडचा रोखा विकत घेताना. समजा भाव ९८.५० दिसतोय. दहा हजारांच्या रोख्याला ९,८५० लागतील असं वाटतं, पण हिशेब ५ ऑगस्टला मिटणार असेल तर मागणी १०,००८.२५ रुपयांची येते. वरचे १५८.२५ रुपये कसले? ५ मेपासून ९० दिवसांचं व्याज साठलेलं आहे, ते विकणाऱ्याचं, म्हणून ते त्याला आधी द्यायचं. ५ नोव्हेंबरला पूर्ण ३१६.५० तुमच्या खात्यात येतात, त्यातले निम्मे म्हणजे तुम्हीच दिलेले पैसे. रोख्यांचे महिने ३० दिवसांचे आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात, टी-बिलाला मात्र ३६५. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजणाऱ्याचं उत्तर म्हणूनच जुळत नाही. मागणीची एकूण रक्कम आणि तिची फोड एकाच पडद्यावर, भावापेक्षा मोठ्या अक्षरांत यायला हवी.

विकायचं झालं तर? रोखा केव्हाही विकता येतो हे कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात दहा-वीस हजारांच्या तुकड्याला हव्या त्या दिवशी हवा तो भाव मिळेलच असं नाही. प्रायमरी डीलरांनी, म्हणजे सरकारी रोख्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या संस्थांनी, खरेदी-विक्रीचे भाव देत राहावं यासाठी जानेवारी २०२२ पासून स्वतंत्र योजना आहे, त्याचा उपयोग होतो, पण प्रत्येक रोख्याला गिऱ्हाईक उभं असेलच असं धरू नका. शिवाय भाव पडतोही. बाजारातले दर एक टक्का वाढले की दहा वर्षांच्या रोख्याची किंमत साधारण सात टक्के घसरते, म्हणजे दहा हजारांमागे सातशेच्या आसपास. मुदतीपर्यंत थांबलात तर मुद्दल पूर्ण मिळतं, मध्येच विकलंत तर तोटा तुमचा. ‘सरकारी म्हणजे तोटा होऊच शकत नाही’ ही समजूत खरेदीच्या बटणाआधीच दूर व्हायला हवी. ॲपने इथे लाजू नये.

फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड हा भाग त्या मानाने नवख्याच्या अंगवळणी लवकर पडतो. किमान एक हजार रुपये, मुदत सात वर्षं, दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्क्याने जास्त. म्हणजे प्रमाणपत्राचा दर ७.७ असला की इथे ८.०५. दर सहा महिन्यांनी दराचा फेरविचार होतो, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला मिळतं, मागे साठत नाही. अट एकच, पण कडक: हा बाँड विकता येत नाही आणि साठीच्या आतल्या माणसाला मुदतीआधी मोडताही येत नाही. ज्येष्ठांना वयानुसार चार ते सहा वर्षांनी सुटका आहे, तीही दंड भरून. सुवर्ण रोख्यांची वाट पाहू नका, फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही.

कराचं थोडक्यात. टी-बिलाची कमाई आणि रोख्याचं व्याज दोन्ही तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. निवासी भारतीयाचा टीडीएस टी-बिलावर आणि साध्या सरकारी रोख्यांवर कापला जात नाही, त्यामुळे विवरणपत्रात हे उत्पन्न स्वतः आठवणीने दाखवावं लागतं. फ्लोटिंग रेट बाँडच्या व्याजावर मात्र वर्षाला दहा हजारांच्या वर टीडीएस आहे.

ॲप नव्याने मांडायचं झालं तर पहिल्या पडद्यावर यादी नको, प्रश्न हवा: ‘पैसे कधी परत हवेत?’ तीन महिने, सहा महिने, वर्ष, की त्याहून जास्त. उत्तराप्रमाणे एकच पर्याय पुढे यावा आणि त्याखाली साध्या मराठीत एक वाक्य: ‘आज खात्यातून अंदाजे ९,८६४ रुपये जातील, तेराव्या गुरुवारी १०,००० परत येतील, तोवर हे पैसे नाहीत असं समजा.’ किंमत, उत्पन्नाचा दर, आयसिन क्रमांक (रोख्याचा ओळख क्रमांक) हे सगळं ‘अधिक माहिती’च्या आड राहू द्या. जाणकार तिथे आपोआप जाईल.

गुण द्यायचे तर मालाला पाचपैकी पाच, खर्चाला साडेचार, नवख्याच्या सोयीला अडीच. अडीअडचणीची पुंजी इथे ठेवू नका, रात्री दवाखान्यात लागणारा पैसा टी-बिलातून निघत नाही. तीन महिने ते वर्षभर हात लावायचा नाही अशा पैशासाठी मात्र खातं आजच उघडून ठेवा. पहिली बोली ९१ दिवसांच्या एकाच बिलाची, दहा हजारांची लावा, आणि पैसे गेल्यापासून परत येईपर्यंतची प्रत्येक नोंद बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा.