ठरवणे आणि ठाम राहणे : इंग्रजीतला कोणता शब्द केव्हा निवडावा

मराठीतले ‘ठरवणे’ हे एकच क्रियापद किती कामे करते, हे इंग्रजीत लिहायला बसल्याशिवाय लक्षात येत नाही. आपण प्रवासाचा दिवस ठरवतो, बिघाडाचे नेमके कारण ठरवतो, दोन रंगांपैकी कोणता घ्यायचा ते ठरवतो आणि उद्यापासून पहाटे उठायचेही ठरवतो. चारही ठिकाणी शब्द एकच असतो आणि ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र या चार ‘ठरवण्यां’ना चार निरनिराळी क्रियापदे शोभतात, आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे ‘ठरवणे, निश्चय करणे’ असाच अर्थ दिलेला असल्याने निवड करणाऱ्याला त्याची फारशी मदत होत नाही. माझ्या मते या शब्दांची तुलना अर्थावरून करण्यापेक्षा एका प्रश्नावरून करावी: निर्णयाच्या आधी काय होते? समोर पर्याय होते, मनात घालमेल होती, की एखादी गोष्ट शोधून काढायची होती?

एकच वाक्य घेऊन पाहू. ‘तिने नोकरी सोडायचे ठरवले.’ ‘शी डिसाइडेड टू लीव्ह’ म्हटले की नुसती नोंद होते; विचार झाला आणि निर्णय झाला, एवढेच कळते. ‘शी चोज टू लीव्ह’ म्हणताच दुसराही मार्ग मोकळा होता आणि तिने स्वखुशीने हा घेतला, हे त्यात येते. म्हणूनच कोणी सक्तीने काढले नाही हे सांगायचे असेल तेव्हा हा शब्द नेमका बसतो. ‘शी मेड अप हर माइंड टू लीव्ह’ यात आधीची चलबिचल ऐकू येते, आणि बोलण्याचा सूर घरगुती होतो. ‘शी रिझॉल्व्ड टू लीव्ह’ यात मनाशी बांधलेली गाठ आहे, थोडे गांभीर्य आहे; रोजच्या बोलण्यात तो जडच वाटेल. आणि ‘शी वॉज डिटरमिन्ड टू लीव्ह’ हे तर घडलेल्या निर्णयाचे वाक्यच नाही, ते मनःस्थितीचे वर्णन आहे. ते वाचताना कोणीतरी तिला अडवत होते किंवा अडवणार होते, असे वाचकाला आपोआप वाटते. ती प्रत्यक्षात गेली की नाही, हे मात्र त्या वाक्यातून कळत नाही.

‘डिसाइड’ हा सर्वांत सुरक्षित शब्द आहे आणि शंका असेल तेव्हा तोच वापरावा, असे मी नेहमी सांगते. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘कापून टाकणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपणही ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतो, तीच कल्पना. फक्त त्याच्यामागे येणारी रचना सांभाळावी लागते. कृती सांगायची तर पुढे ‘टू’ लागतो, अनेकांतून एक वस्तू पक्की करायची तर ‘ऑन’, आणि न करण्याचे ठरवले तर ‘अगेन्स्ट’. नामाच्या बाबतीत ‘मेक अ डिसिझन’ आणि ‘टेक अ डिसिझन’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. अमेरिकेत पहिलेच रूढ आहे, ब्रिटिश लेखनात दुसरेही सर्रास आढळते. आपल्या ‘निर्णय घेणे’मुळे आपल्या लेखणीतून ‘टेक’ उतरते, त्यात चूक काहीच नाही. ‘ऑप्ट’ हा ‘चूज’चाच औपचारिक भाऊ, ठरावीक पर्यायांच्या यादीतून निवड असेल तरच तो बरा दिसतो.

खरी अडचण ‘डिटरमिन’ची आहे. (उच्चारात शेवटी ‘मिन’ आहे, ‘माइन’ नाही.) या शब्दाच्या पोटात ‘सीमा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि सीमा आखण्याचे दोन प्रकार असावेत तसे त्याचे दोन संसार आहेत. एका संसारात तो ‘शोधून निश्चित करणे’ आहे: तज्ज्ञ मृत्यूचे कारण ‘डिटरमिन’ करतात, प्रयोगशाळा पाण्यातले क्षारांचे प्रमाण ‘डिटरमिन’ करते. इथे कोणाच्या इच्छेचा संबंध नाही, उत्तर आधीपासून अस्तित्वात असते आणि ते हुडकायचे असते. इच्छेचा संबंध नसलेल्या याच संसारात ‘कारणीभूत असणे’ असाही अर्थ आहे, आणि त्या अर्थाने ‘किंमत मागणीवर ठरते’ असे म्हणता येते. दुसऱ्या संसारात तो निर्धार आहे, आणि तिथे तो बहुधा ‘डिटरमिन्ड’ या विशेषणाच्या रूपात राहतो. मध्यंतरी एका अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. ‘समितीने हे यंत्र असुरक्षित असल्याचे ठरवले’ असे म्हणायचे होते, पण ‘दॅट’च्या जागी ‘टू’ पडल्याने आणि त्यानुसार पुढची रचना बदलल्याने समितीने यंत्र असुरक्षित करण्याचा चंगच बांधला आहे, असा अर्थ निघत होता. एका छोट्या शब्दाने पूर्ण अहवाल उलटा वाचला गेला असता.

नामातही हीच गफलत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेत लोकसमूहांच्या ‘सेल्फ-डिटरमिनेशन’चे तत्त्व आहे, त्याचे मराठी ‘स्वयंनिर्णय’ असे झाले ते अगदी योग्य, कारण तिथे जिद्दीचा प्रश्न नसून आपले भवितव्य आपण ठरवण्याचा आहे. इंग्रजी करारनाम्यांच्या भाषेत तर ‘डिटरमिन’चा अर्थ ‘संपुष्टात आणणे’ असाही होतो, आणि भाडेकरार ‘डिटरमिन’ झाला म्हणजे तो संपला. असे कागद अनुवादाला घेणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे.

‘रिझॉल्व्ह’चे मूळ याच्या नेमके विरुद्ध आहे: ‘सैल करणे, उकलणे’. त्यामुळे तंटा ‘रिझॉल्व्ह’ होतो म्हणजे गाठ सुटते, आणि माणूस ‘रिझॉल्व्ह’ करतो म्हणजे मनातला गुंता सुटून निश्चय उरतो. सभेत मंजूर होतो तो ठराव आणि नव्या वर्षाचा संकल्प, दोघांनाही ‘रेझोल्यूशन’ म्हणतात; मनाच्या बळाला मात्र ‘रिझॉल्व्ह’ हेच नाम वापरणे चांगले. संकटात एखाद्याचा निश्चय ढळला नाही हे सांगताना ‘रेझोल्यूशन’ लिहिले तर वाक्य उगाच पुस्तकी होते.

‘सेटल’ आणि ‘कन्क्लूड’बद्दल थोडक्यात. बरीच चर्चा करून एका गोष्टीवर येऊन थांबणे म्हणजे ‘सेटल ऑन’. पण ‘सेटल फॉर’ म्हटले की हवे ते मिळाले नाही म्हणून आहे त्यावर समाधान मानले, असा अर्थ होतो. ‘कन्क्लूड’ हा निष्कर्षाचा शब्द आहे, कृतीच्या निर्णयासाठी तो वापरू नये.

आता ठामपणाची विशेषणे. इथे कसोटी बदलते: बोलणारा त्या माणसाच्या बाजूचा आहे की नाही, हे शब्दावरून उघड होते. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर बोलताना हे फार मार्मिकपणे दाखवले होते. मी ठाम, तू हट्टी आणि तो आडमुठा मूर्ख, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपल्या ‘जिद्दी’ला इंग्रजीत एकच जोड नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. एका मुलीने अर्जात स्वतःला अभिमानाने ‘स्टबर्न’ म्हटले होते. तिला ‘जिद्दी’ म्हणायचे होते, पण वाचणाऱ्याला ‘ऐकून न घेणारी’ असे वाटले असते. ‘स्टबर्न’ कधी कौतुकानेही येतो, विशेषतः प्रतिकाराबद्दल किंवा धैर्याबद्दल बोलताना, तरी स्वतःविषयीच्या अर्जात तो टाळावा. ‘ऑब्स्टिनेट’ तर सरळ दोषच आहे. ‘ॲडमंट’ आपल्याकडे स्वभावाला लावतात. इंग्रजीत तो बहुधा एखाद्या विशिष्ट मुद्द्यापुरता असतो.

चिकाटीच्या शब्दांत ‘परसिस्टंट’ तटस्थ आहे, कारण खोकलाही ‘परसिस्टंट’ असतो आणि तगादा लावणाराही. ‘परसिव्हिअर’मध्ये कष्ट सोसून टिकण्याचे कौतुक आहे. ‘टेनेशस’मध्ये पकड आहे, हातातले न सोडण्याची. ‘डिसायसिव्ह’ या सर्वांहून वेगळा पडतो: प्रसंगाला लावला तर निर्णायक, माणसाला लावला तर झटपट निर्णय घेऊ शकणारा, घेतलेल्या निर्णयावर तो टिकतो की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. शिवाय ‘डिसाइडेड’ हे विशेषण त्याच्या जागी चालत नाही, कारण त्याचा नेहमीचा अर्थ ‘स्पष्ट, ठळक’ असा आहे.

त्या मुलीच्या अर्जात आम्ही शेवटी ‘डिटरमिन्ड’ लिहिले, आणि त्याच्यामागे तिने दोनदा नापास होऊनही तिसऱ्यांदा दिलेल्या परीक्षेचे एक साधे वाक्य जोडले.