फळं लगडलेलं रसभरीचं रोप घेताय? आधी देठ बघा

फेब्रुवारीत इंदूरच्या चोइथराम मंडीत रसभरी (केप गूजबेरी) आली की गल्लीबोळांतून रोपांच्या हातगाड्याही फिरू लागतात. अशाच एका गाडीवरून ‘कलमी रसभरी, बारा महिने फळ’ म्हणून चार रोपं घेतली, दीडशे रुपयांना एक. प्रत्येकावर पाच-सहा फळं, कागदी वेष्टणासकट. तिसऱ्या दिवशी वेष्टणं सुकून लोंबू लागली आणि देठाशी गुंडाळलेला हिरवा दोरा उघडा पडला. फळं मंडीतली होती, रोपं अश्वगंधेची.

हा बदल सहजासहजी लक्षात येत नाही. दोन्ही वांग्या-टोमॅटोच्या कुळातल्या, दोन्हींची पानं लवदार, दोन्हींच्या फळाभोवती फुगीर पिशवी. शिवाय मंदसौर-नीमचकडे अश्वगंधेची शेतीच होते, त्यामुळे बी हवं तितकं मिळतं. फरक बघायचा तो पानाच्या बेचक्यात. रसभरीला तिथे एकच फूल, म्हणून एकच फळ, लांबट देठावर खाली लोंबणारं. अश्वगंधेला हिरवट बारीक फुलांचा झुबका येतो, जवळजवळ बिनदेठाचा, आणि पिकलेलं फळ लालभडक. ते रसभरी समजून मुलांच्या हाती देऊ नका. रसभरीचं फूल पिवळं, घशाशी पाच तपकिरी-जांभळे डाग. पान हृदयाच्या आकाराचं, हाताला मखमलीसारखं. एका बेचक्यात दोन-तीन फळं दिसली की बोटाने हलकेच ओढून बघा.

आणि ‘कलमी’ हा शब्द ऐकला तर तिथूनच परत फिरा. रसभरी बियांवर सहज येते, कलमाची तिला गरजच नाही. माळव्यात ती एका हंगामाचीच धरायची: मेच्या उन्हात फुलं गळतात. बारा महिने फळ कुठून येणार?

पावसाळ्यातली फसवणूक वेगळी. ऑगस्टमध्ये वीतभर रोपावर खरीच फळं दिसतात, कारण ती रानपोपटी असते, बांधावर उगवणारं तण. फळ वाटाण्याएवढं, फूल फिकट आणि लहान, पानावर लव नावापुरती. जून-जुलैत पेरलेल्या रसभरीला ऑगस्टमध्ये फळ येऊच शकत नाही.

बियांच्या पाकिटांत नावाचाच घोळ घालतात. हिंदीत रास्पबेरीलाही रसभरी म्हणतात, म्हणून पाकिटावर लाल दाणेदार फळाचं चित्र असतं. ती थंड हवेची काटेरी झुडपं. इंदुरात त्यांच्या नादी लागू नका. मकोय हेही रसभरीचं एक नाव, पण ‘मकोय’ लिहिलेल्या पाकिटातून काळी कांगुणी निघू शकते: पांढरी फुलं, काळ्या फळांचे घोस, वेष्टण नाहीच. बी लवदार आणि मोठं निघालं तर तो सरळ टोमॅटो. रसभरीचं बी चपटं, गुळगुळीत, जेमतेम दोन मिलिमीटर.

खरं म्हणजे बी विकत घ्यायचं कारणच नाही. मंडीतून पूर्ण पिकलेली, केशरी पिवळी दोन फळं आणा. एका फळात शंभराहून जास्त बिया असतात. गर पाण्यात कुस्करा. गर तरंगतो, चांगलं बी तळाशी बसतं. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. जूनच्या शेवटी ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर खोल पेरा, दहा-पंधरा दिवसांत उगवतं. रोप वीतभर झालं की १४ इंची कुंडीत एकच लावा. इथली काळी माती नुसती वापरली तर पाणी साचून मुळं कुजतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू घ्या. जमिनीत लावणार असाल तर दोन रोपांत अडीच फूट सोडा आणि काठीचा आधार द्या, फांद्या बेचक्यात मोडतात.

युरिया टाकू नका. झाड माजतं, पानंच पानं येतात, फळ नाही. फुलं येऊन गळत असतील तर सकाळी दहाच्या सुमारास फांद्या हलक्या हलवा, पराग पडायला मदत होते.

हिरवं फळ तोडायचं नाही, खायचंही नाही; कच्चेपणी त्यात विषारी द्रव्य असतं. वेष्टण गवतासारखं वाळून फळ आपोआप गळतं, म्हणून कुंडीखाली कापड अंथरा. वेष्टण न सोलता कोरड्या जागी ठेवलं तर ते आठवडेच्या आठवडे टिकतं, आणि त्यातली सगळ्यात मोठी दोन फळं पुढच्या जूनच्या बियांसाठी बाजूला काढता येतात.