डाव्या चाकाचा आतला पॅड: सात सीटच्या व्हॅनसोबत 22 महिने

गाडी घेऊन 22 महिने झाले, 31,200 किलोमीटर झाले. घरात आम्ही सहा जण. सासू-सासऱ्यांना उंच गाडीत चढताना गुडघे दुखतात, म्हणून सरकत्या दाराची, बसक्या पायरीची व्हॅन घेतली. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. तिसऱ्या ओळीत मोठं माणूस नीट बसतं, एसीचा गारवा शेवटपर्यंत पोचतो, इंजिनाने एकदाही रस्त्यात थांबवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सगळं ब्रेकबद्दल आहे. पहिल्या 20,000 किलोमीटरच्या आत पुढचे पॅड तीनदा बदलले, डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी, जिला पॅड घासून गाडी थांबते) एकदा मशीनवर घासून घेतल्या, एकदा नव्या टाकल्या आणि शेवटी डावा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, बदलला. कॅलिपर बदलल्यावर सगळं थांबलं. तो पहिल्याच वेळी कुणीतरी नीट उघडून बघायला हवा होता.

पहिली वेळ 8,400 किलोमीटरला आली. ब्रेक दाबला की बारीक, कानात जाणारी किरकिर. पॅडवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅडचा थर 2-3 मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून आवाज करते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी आत घेतली, तासाभराने सांगितलं, "मॅडम, पॅड संपलेत. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता का?" मी नाही म्हणाले. मी 15 वर्षं गाडी चालवते आहे, आधीच्या गाडीला एकच पॅडचा जोड 40,000 च्या पुढे चालला होता. "गाडी जड आहे ना, असं होतं," एवढं बोलून त्यांनी बिल हातात दिलं. जुने पॅड मी मागितले नाहीत, त्यांनी दाखवले नाहीत.

गाडी जड आहे हे खरंच आहे, म्हणून मीही मान डोलावली. रिकामी व्हॅन 2,000 किलोची धरली आणि ताशी 100 च्या वेगातून ती पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये साधारण 770 किलोज्यूल उष्णता तयार होते. दोन लिटरहून जास्त गार पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. त्यात सहा माणसं आणि सामान चढवा. वेग निम्मा केला तर हीच उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून व्हॅन चालवताना वजनापेक्षा वेग सांभाळण्याने जास्त फरक पडतो. थांबताना भार पुढे येतो, त्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो. छोट्या गाडीपेक्षा व्हॅनचे पॅड लवकर झिजणार, हे मला मान्य आहे. पण वजन दोन्ही बाजूंना सारखंच असतं. एका चाकाची झीज दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर "गाडी जड आहे" हे उत्तर पुरत नाही. हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

खूण डोळ्यांसमोर होती. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर कायम काळी भुकटी बसलेली असायची. धाकट्याने एकदा त्या भुकटीत बोटाने स्वतःचं नाव लिहिलं, मग उजवीकडे जाऊन म्हणाला, "आई, इकडे नाव उमटतच नाही." मी त्याला हात धुवायला पाठवलं आणि विसरून गेले. ती ब्रेकची धूळ होती. डावीकडे इतकी की नाव लिहिता येत होतं, उजवीकडे जवळपास नव्हतीच.

दुसरी वेळ 14,100 ला. आता आवाज नव्हता, थरथर होती. ताशी 80-90 वरून ब्रेक लावला की स्टीअरिंग हातात हलायचं आणि पॅडल पायाला ठोके द्यायचं. "डिस्क वाकल्यात" असं सांगण्यात आलं. दोन्ही डिस्क घासून सपाट केल्या, पुन्हा नवे पॅड. तीन महिन्यांत थरथर परत.

या "डिस्क वाकली" बद्दल पुढे मला बरंच शिकायला मिळालं. डिस्क ताटासारखी वाकत नाही. बहुतेक वेळा होतं असं की डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, तिरकी बसलेली असते, कारण हबच्या तोंडावरचा गंज साफ न करताच ती चढवली जाते किंवा चाकाचे नट हवेच्या गनने एक घट्ट, एक त्याहून घट्ट असे आवळले जातात. ती किंचित डगमगत फिरते, प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी चाटून जाते आणि तेवढी जागा हळूहळू पातळ होते. जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांचा फरक पडला तरी तो पायाला कळतो. सतत तापणाऱ्या डिस्कवर पॅडचा थरही कुठे जास्त, कुठे कमी चिकटतो आणि त्याने तीच थरथर येते. नुसती घासून दिली तर ती काही काळ सपाट राहते, तिरकं बसणं आणि तापणं तसंच राहतं.

तिसरी वेळ 19,700 ला, आणि ती मी विसरणार नाही. सगळं घर गाडीत होतं, मागे सामान, लांबलचक उतार. अर्ध्या उतारावर सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी जळल्याचा वास येतोय गं." पाठोपाठ पॅडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. पाय काढला तरी गाडी किंचित डावीकडे ओढत होती. मी गिअर खाली टाकला, इंजिनाच्या जोरावर वेग उतरवला आणि रुंद जागा दिसताच बाजूला घेतली. डाव्या चाकातून धूर निघत होता. मुलांना लांब उभं केलं. नवरा पाण्याची बाटली घेऊन निघाला होता, त्याला थांबवलं, कारण लाल तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. तासभर आम्ही तिथेच बसून होतो. त्या तासात मला एकच गोष्ट बोचत होती, की हे काम दोनदा झालेलं आहे आणि दोन्ही वेळा मी "झालं ना?" एवढंच विचारून घरी आले होते.

पॅडल खोल का गेलं तेही सांगते. पायाचा जोर चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना कमीत कमी 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, पण जोर पुढे पोचत नाही. एखादं चाक पाय काढल्यावरही घासत राहिलं तर त्याची सगळी धग त्याच्या कॅलिपरमधल्या ऑइलला लागते.

या वेळी सर्व्हिस सेंटरला नेलीच नाही. ओळखीतून एक वयस्कर मेकॅनिक मिळाले, फक्त ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं करणारे. त्यांनी पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून उचलली आणि हाताने फिरवून दाखवली. उजवं चाक हलकं घासत दीड-दोन फेरे फिरलं. डावं पाव फेऱ्यात थांबलं. मग त्यांनी कॅलिपरचा ब्लीड स्क्रू (ऑइल बाहेर सोडायचा) सैल केला, थोडं ऑइल बाहेर आलं, परत चाक फिरवलं. तसंच घट्ट. ते म्हणाले, "स्क्रू उघडल्यावर चाक मोकळं झालं असतं, तर रबरी नळी आतून फुगली असं म्हटलं असतं. प्रेशर मागे अडकून बसतं तेव्हा. इथे तसं नाही. दोष कॅलिपरातच आहे."

कॅलिपर उघडला. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड त्यांनी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. "ताई, हातात घेऊन बघा." बाहेरच्या पॅडवर 7 मिलिमीटर थर शिल्लक होता. आतला पॅड पाचरीसारखा झिजला होता, वरच्या टोकाला 4 मिलिमीटर आणि खालच्या टोकाला थर संपून मागचा पत्रा उघडा पडलेला. किरकिर करणारी पट्टी वरच्या टोकाला होती. तिथे थर शिल्लक असल्यामुळे ती डिस्कपर्यंत पोचलीच नाही. या खेपेला आवाज का आला नाही याचं उत्तर माझ्या हातात होतं.

अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या पॅडमागे असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की तो त्याच पिनांवर मोकळा व्हायला हवा. आमची वरची पिन बोटाने सरकत होती. खालची पाना लावून पिळत बाहेर काढावी लागली. तिच्या टोकावरचा रबरी बुश फुगून घट्ट झाला होता आणि भोवती तपकिरी, चिकट ग्रीस. त्यांनी ते चिमटीत घेऊन वास घेतला. "हे बेअरिंगचं ग्रीस. इथे सिलिकॉनचं लागतं. पेट्रोलियमवालं ग्रीस या रबराला फुगवतं." म्हणजे आधीच्या दोन दुरुस्त्यांपैकी एकीत कुणीतरी पिनेला ग्रीस लावलं होतं, चांगल्या हेतूनेच, पण चुकीचं.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, माझ्या गाडीच्या डिस्कवर 26 मिलिमीटर. एकदा घासून झाल्यावर आणि पत्र्याने चर पडल्यावर डावी डिस्क त्या आकड्याच्या खाली गेली होती. म्हणून दोन्ही नव्या घेतल्या, कारण पुढची डिस्क आणि पॅड जोडीनेच बदलायचे असतात. हब तारेच्या ब्रशने लख्ख केला, बारीक हालचाल दाखवणाऱ्या डायल गेजने डिस्कची डगमग मोजली, नट ठरलेलाच जोर लावणाऱ्या टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळले. जुनं ऑइल काढून नवं भरलं. मग मला म्हणाले, मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, गाडी पूर्ण थांबवू नका, मध्ये थोडं अंतर गार होऊ द्या. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसायला हे लागतं. आधीच्या दोन्ही खेपांना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वॉरंटीचं थोडक्यात. पॅड हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत धरत नाहीत. कॅलिपरचं तसं नाही. मी दोन्ही पॅडचे फोटो, मोजलेले आकडे, पिनेचा फोटो आणि आधीच्या दोन बिलांच्या प्रती जोडून लेखी तक्रार दिली. तोंडी बोलणं पूर्णपणे बंद केलं. दोन आठवड्यांनी डावा कॅलिपर पिनांसकट मोफत बदलून मिळाला. आधीचे पैसे परत आले नाहीत, पण "तुम्ही कसं चालवता" हा प्रश्नही परत आला नाही. मला त्या प्रश्नाचा राग अजून आहे. सहा माणसांचा जीव ज्या पॅडलवर अवलंबून आहे, तिथे चाक न फिरवताच दोष चालवणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही.

आता मी जे करते ते कुणालाही जमण्यासारखं आहे. टायरच्या जागांची अदलाबदल करायला चाकं निघतातच, तेव्हा चारही चाकांचे आतले आणि बाहेरचे पॅड मोजून वहीत लिहायला लावते. आत आणि बाहेर 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर नवे पॅड टाकण्याआधी पिना उघडायला सांगते. बदललेले सुटे भाग पिशवीत घालून मागते, अगदी नको असले तरी. महिन्यातून एकदा, नेहमीच्या रस्त्याने घरी आल्यावर, लांबून तापमान मोजणारी गन पुढच्या दोन्ही डिस्कवर धरते. मेकॅनिकांकडे नेण्याच्या दिवशी, सपाट रस्त्यावर हळू चालवूनही, डावीकडे 168 अंश आणि उजवीकडे 91 होते. नव्या कॅलिपरनंतर 84 आणि 88. हात लावून बघू नका, भाजतं.

मागच्या ब्रेकचं वेगळं काही नाही. आताच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागच्या चाकांनाही बराच वाटा दिला जातो, त्यामुळे मागचे पॅड आधी संपले तर घाबरायचं कारण नाही. फक्त हँडब्रेकची केबल पूर्ण मागे येते का, ते बघून घ्या.

गेल्या रविवारी 31,200 ला मोजलं. नवे पॅड 11 मिलिमीटरचे होते. डावा आतला 8.4, बाहेरचा 8.6. उजवा आतला 8.5, बाहेरचा 8.6. मागचे चारही 5 च्या आसपास आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी आधी तेच बदलावे लागतील. धाकट्याला दोन्ही रिम दाखवल्या. आता दोन्हीकडे सारखीच, पुसट धूळ आहे.